सोमवार ते शुक्रवार कारखाना, शनिवार-रविवार आल्प्स

इटली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पिसाचा कललेला मनोरा, व्हेनिसच्या होड्या, पिझ्झा, फेरारी आणि फार तर फुटबॉल. यातलं काही खोटं नाही. पण इंजिनिअरिंगच्या मुलांनी आवर्जून ओळख करून घ्यावी अशी एक वेगळी इटली देशाच्या उत्तरेला आहे. जरा नकाशा उघडा. वरच्या बाजूला आल्प्स पर्वताची भली मोठी कमान दिसेल. कमानीच्या पलीकडे फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया, अलीकडे पो नदीचं सपाट मैदान. या मैदानात तुरिन, मिलान, बर्गामो, ब्रेशा, व्हेरोना ही शहरं ओळीनं बसली आहेत आणि देशातले बरेचसे कारखानेही याच पट्ट्यात आहेत. मुंबईत २०२३ पर्यंत धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवते ना? ती मूळची तुरिनच्या फियाटची ११०० मालिकेतली गाडी.

मी आपल्याच कॉलेजातून मेकॅनिकल करून इकडे आलो आणि सध्या मिलानच्या उत्तरेला नोकरी करतो. सुट्टीत होस्टेलवर चक्कर मारली की ज्युनिअर्सचे दोन प्रश्न ठरलेले. "तिकडे काम कसं असतं?" आणि "विकेंडला काय करता?" मला आधी वाटायचं की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथे राहिल्यावर कळलं की उत्तर एकच आहे. उत्तर इटलीत कारखाना आणि डोंगर एकमेकांना बांधलेले आहेत. इथला रविवारचा ट्रेक हा कायद्यानं, स्वयंसेवकांनी आणि इंजिनिअर लोकांनी मिळून उभा केलेला आहे. आणि त्यातलं कुणी एक जण कामात चुकलं, तर त्याची किंमत रविवारी डोंगरावर असलेला माणूस मोजतो. कसं ते सांगतो.

"बोनजोर्नो, इंजेन्येरे!"

आधी कामाचं बघू. इटलीत इंजिनिअर ही नुसती डिग्री नाही, ती पदवी नावाआधी लागते. आपल्याकडे जसं "डॉक्टरसाहेब" म्हणतात, तसं इथे "इंजेन्येरे" अशी हाक मारतात. पहिल्यांदा ऐकल्यावर छाती दोन इंच फुगते हे खरं. (चार केट्या काढून पास झालो हे त्यांना कुठं माहीत!)

मोठ्या कंपन्या आहेतच, पण उत्तर इटलीची खरी ताकद छोट्या आणि मध्यम कारखान्यांत आहे. एकेका गावानं एकेक धंदा धरलेला असतो. लेक्कोत लोखंडी तार आणि धातूकाम, लुमेझाने गावात नळ आणि सुरी-काटे, सास्सुओलोत टाइल्स, बेल्लुनोच्या डोंगराळ भागात चष्म्यांच्या फ्रेम, मोंतेबेल्लुनात डोंगरात वापरायचे बूट. आपल्या इचलकरंजीत जशी यंत्रमागांची खडखड, तसंच काहीसं. अशा कारखान्यात डिझाइनवाला, प्रॉडक्शनवाला आणि मालक एकाच कॉफी मशीनपाशी भेटतात. कॉफी उभ्यानं प्यायची, दोन घोटांत संपवायची. दुपारच्या जेवणाला मात्र घाई नाही. टेबलावर बसून, गप्पा मारत जेवतात. डेस्कवर डबा उघडून एका हातानं माउस हलवणाऱ्या माणसाकडे इथे जरा दयेनं बघितलं जातं.

बोलण्यात मान ठेवावा लागतो. आपल्या "तुम्ही-आपण"सारखं त्यांचं "लेइ" असतं, आणि जवळच्या माणसाला "तू". वरिष्ठांनी स्वतः सांगेपर्यंत "लेइ" सोडायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे डोंगरात याचा संबंध येणार आहे.

आता तासांचा हिशोब. २००३ च्या कायद्याप्रमाणे आठवड्याचे सामान्य तास ४०. ओव्हरटाइम धरूनही सरासरी ४८ च्या वर जाता येत नाही. आज काम संपल्यापासून उद्या सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. वर्षाला किमान ४ आठवडे पगारी रजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं इटलीच्या राज्यघटनेत आहे. १ जानेवारी १९४८ ला लागू झालेल्या या घटनेचं ३६ वं कलम सांगतं की कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि वार्षिक पगारी रजा हा हक्क आहे, आणि तो हक्क त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही. म्हणजे "सर, मी रजा घेत नाही, मला तेवढं प्रमोशनचं बघा" हे चालत नाही. सुट्टी नाकारायची मुभा कुणालाच नाही, अगदी सुट्टी घेणाऱ्यालाही नाही. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागणारी माणसं, आपल्याला हे पचायला वेळ लागतो.

सुट्टीचे काही खास शब्दही आहेत. गुरुवारी सण आला आणि शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. याला "पोंते" म्हणतात, म्हणजे पूल. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो, त्या दिवशी इथे "फेर्रागोस्तो" असतो. त्याच्या आजूबाजूचे आठवडे कितीतरी कारखाने चक्क कुलूप लावून बंद असतात, आणि निम्मं शहर समुद्रावर, निम्मं डोंगरात असतं. सप्लायरला ऑगस्टमध्ये मेल पाठवून उत्तराची वाट बघू नका, ते सप्टेंबरमध्ये येईल.

शनिवार काही आयता मिळाला नाही

हे सगळं वाचून वाटेल की नशीबवान लोक आहेत. पण हा शनिवार कुणी ताटात वाढून दिलेला नाही. तुरिनच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी इव्रेआ नावाचं गाव आहे. तिथे १९०८ मध्ये ओलिवेत्ती कंपनी सुरू झाली, टाइपरायटरवाली. एके काळी भारतातल्या कचेऱ्यांतही हे नाव ओळखीचं होतं. अद्रियानो ओलिवेत्ती कंपनी चालवत असताना, १९५६-५७ च्या सुमारास तिथे आठवड्याचे तास ४८ वरून ४५ वर आणले गेले आणि पगार एका लिरानंही कापला नाही. देशभरातले करार त्यानंतर बदलले. या गावातल्या कारखान्याच्या इमारती, कामगारांची घरं आणि पाळणाघरं २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. पुढे १९६९ च्या शरद ऋतूत उत्तरेच्या कारखान्यांत मोठे संप झाले. तो काळ "तापलेला शरद" म्हणून ओळखला जातो. त्यानंतरच्या करारांतून धातूउद्योगात ४० तासांचा आठवडा आला.

पण त्याच्याही आधी, आठवड्याला एकच सुट्टी असताना कामगार डोंगरात जातच होते. रिकार्डो कास्सिन यांचं उदाहरण बघा. जन्म १९०९ चा. सतराव्या वर्षी कामासाठी लेक्कोत आले आणि लोखंडाच्या कामाला लागले. आठवडाभर कारखाना, रविवारी समोरच्या ग्रिन्या डोंगराचे कडे. या माणसानं १९३७ मध्ये पित्स बादिलेची ईशान्य भिंत आणि १९३८ मध्ये ग्रांद जोरासचा वॉकर स्पर हे आल्प्समधले अत्यंत अवघड मार्ग पहिल्यांदा चढून दाखवले. पुढे ते स्वतःच गिर्यारोहणाचे खिळे आणि कॅराबिनर बनवायला लागले. म्हणजे फोर्जिंग येत होतं, डोंगरही कळत होता, दोन्ही एकत्र आलं. २००९ मध्ये वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले.

एका मायनिंग इंजिनिअरनं काढलेला क्लब

आता डोंगराकडे वळू. इटलीतल्या डोंगरवाटांमागे एक संस्था आहे, क्लब अल्पीनो इतालियानो. तिला सगळे "काई" म्हणतात. स्थापना १८६३, तुरिन. मिलानचं पॉलिटेक्निको हे इंजिनिअरिंगचं नामांकित विद्यापीठही नेमकं त्याच वर्षीचं. (नावावरून डिप्लोमाचं पॉलिटेक्निक समजू नका. तिथले मास्टर्सचे बरेच कोर्स इंग्रजीतून चालतात.) क्लब काढण्यात पुढाकार होता क्विंतिनो सेल्ला यांचा. हे गृहस्थ शिक्षणानं खाण-अभियंता, खनिजांचे अभ्यासक आणि देशाचे तीन वेळा अर्थमंत्री! १८६३ च्या ऑगस्टमध्ये ते काही सोबत्यांबरोबर ३,८४१ मीटर उंचीच्या मोनव्हीसो शिखरावर जाऊन आले आणि त्या वेळच्या कल्पनेतून ऑक्टोबरमध्ये क्लब उभा राहिला.

आज काईचे तीन लाखांहून जास्त सभासद आहेत आणि सुमारे ६० हजार किलोमीटर पायवाटा तिच्या जाळ्यात येतात. या वाटांची निगा मुख्यतः स्वयंसेवक राखतात. बँकेतला कारकून, शाळामास्तर, रिटायर्ड फिटर अशी माणसं शनिवारी करवत आणि रंगाचा डबा घेऊन निघतात, पडलेली झाडं बाजूला करतात आणि दगडांवर खुणा रंगवतात. लाल-पांढरा-लाल असा पट्टा आणि मधल्या पांढऱ्यात वाटेचा नंबर, ही खूण. धुक्यात हा पट्टा दिसला की जीव भांड्यात पडतो.

प्रत्येक वाटेला अवघडपणाची श्रेणी असते. टी म्हणजे पर्यटकांची सोपी वाट. ई म्हणजे नेहमीचा ट्रेक. ई-ई म्हणजे अनुभवी लोकांसाठी, जिथे उभी घसरण, कडा, कधी हातांचा आधार घ्यावा लागतो. ई-ई-ए म्हणजे हार्नेस, हेल्मेट वगैरे साधनांशिवाय जायचंच नाही. सह्याद्रीत चार-पाच किल्ले केलेल्या मुलानं इथे ई पासून सुरुवात करावी. "आपण हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केलाय" हे पहिल्याच रविवारी सिद्ध करायची गरज नाही. इथला दगड वेगळा, उंची वेगळी आणि जूनमध्येही उतारावर कडक बर्फ असू शकतो.

गणित सोपं आहे, पण करायचं असतं

इथल्या पाट्यांवर बऱ्याचदा किलोमीटर नसतात, वेळ लिहिलेला असतो. "अमुक ठिकाण, ३ तास." का? कारण डोंगरात अंतरापेक्षा चढ महत्त्वाचा. हा वेळ काढायची एक पद्धत जर्मन मानक डीआयएन ३३४६६ मध्ये दिली आहे. तासाला सपाटीवर ४ किलोमीटर, चढताना ३०० मीटर उंची, उतरताना ५०० मीटर उंची असं धरायचं. आडव्या अंतराचा वेळ आणि उभ्या उंचीचा वेळ वेगवेगळा काढायचा. जो मोठा येईल तो पूर्ण घ्यायचा आणि जो लहान येईल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा.

उदाहरण करू. वाट एका बाजूनं ८ किलोमीटर, चढ ९०० मीटर. आडव्याला २ तास, उभ्याला ३ तास. मोठा ३, लहानाचा निम्मा १, म्हणजे वर जायला ४ तास. उतरताना आडव्याला तेच २ तास, उभ्याला १.८ तास. २ अधिक ०.९, म्हणजे २.९ तास. एकूण जवळजवळ ७ तास, आणि यात जेवण, फोटो, "जरा थांब रे" काहीच धरलेलं नाही. ते धरलं तर साडेआठ. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारी विजांसह वादळ येणं नेहमीचं आहे, त्यामुळे शिखर दुपारच्या आत सोडायचं असतं. आता तुम्हीच सांगा, किती वाजता निघायचं? म्हणून इथली माणसं रविवारी पहाटेच्या गाडीला स्टेशनवर दिसतात.

आणखी एक आकडा. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मिलानमध्ये ३० असेल तर अडीच हजार मीटर वर गेल्यावर १५ च्या आसपास. वर वारा आणि पाऊस आला की दात वाजतात. टी-शर्टवर निघालेला मुलगा तिथे फसतो.

संकटात युरोपचा ११२ हा नंबर लावायचा. मोबाइलला रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी, टॉर्च किंवा हाक, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. समोरून मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं तर समजायचं की कुणीतरी ऐकलंय. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षर करायचं, म्हणजे "हो, मदत हवी". एक हात वर, एक खाली म्हणजे "नको". उत्साहात एकच हात हलवून "बाय बाय" करू नका! काईचं सभासदत्व घेतलं तर त्यात डोंगरातल्या बचावकार्याचा विमा येतो, म्हणून विद्यार्थ्यांनीही ते घ्यावं. या बचाव पथकाची राष्ट्रीय संघटना १९५४ मध्ये उभी राहिली. तीही प्रामुख्यानं स्वयंसेवकांवरच चालते.

पहिले तीन ट्रेक

गाडी नसली तरी अडत नाही, रेल्वे आहे. फक्त प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी स्टेशनवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. तिकीट काढलं पण शिक्का नाही, तर टीसी दंड करतो.

पहिला ट्रेक हिवाळ्यातला. मिलानहून लेक्को साधारण ४० मिनिटं. तिथून कोमो तलावाच्या पूर्व काठानं कोलिकोपर्यंत "सेंतिएरो देल व्हियांदांते", म्हणजे वाटसरूची वाट जाते. एकूण सुमारे ४५ किलोमीटर. गंमत म्हणजे काठानं रेल्वे समांतर जाते. पाय दुखले की खाली उतरायचं आणि पुढच्या स्टेशनवर गाडी पकडायची.

दुसरा लेक्कोच्या डोक्यावरचा रेसेगोने. उंची १,८७५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा उंच. नावाचा अर्थ मोठी करवत, आणि खालून बघितलं तर खरंच वर्कशॉपमधल्या करवतीचे दात दिसतात. केबलकारनं अर्धी उंची वाचवता येते.

तिसरा जरा लांबचा. व्हिचेन्झाजवळ पासुबिओ डोंगरावर "५२ बोगद्यांची वाट" आहे. पहिल्या महायुद्धात इथे इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची सैन्यं समोरासमोर होती. शत्रूच्या तोफांपासून लपून रसद वर नेण्यासाठी इटलीच्या लष्करी अभियंत्यांनी आणि खाणकामगारांनी १९१७ या एका वर्षात कड्याच्या पोटातून ही वाट काढली. लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर, त्यातले दोन किलोमीटरहून जास्त बोगद्यांत. विसावा बोगदा तर एका सुळक्याच्या आत गोल गोल फिरत चढतो. टॉर्च हवाच. सिव्हिलच्या मुलांनी ही वाट करावीच. डोलोमाइट डोंगरांत ज्या "विया फेर्राता", म्हणजे लोखंडी शिड्या आणि केबल लावलेल्या वाटा आहेत, त्यांतल्या बऱ्याच वाटांचं मूळही याच युद्धात आहे.

डोंगरातली मेस

मुक्काम करायचा तर "रिफूजो", म्हणजे डोंगरातलं निवासघर. सगळ्यात उंच मोंते रोझा पर्वतावरचं मार्गेरिता, ४,५५४ मीटर. १८९३ मध्ये राणी मार्गेरिता स्वतः तिथे गेली होती. आजची इमारत १९८० ची. आपण अर्थात खालची गाठायची.

रिफूजोमध्ये बंक बेड, होस्टेलसारखेच. ब्लँकेट मिळतं, पण आत घालायची चादरीची पिशवी आपली न्यायची. जेवण ठरलेल्या वेळेला, सगळे एका लांब टेबलावर. उशिरा आलात तर मेसच्या मामांसारखंच "संपलं" ऐकायला मिळेल. पोलेंता नावाचा पदार्थ मिळतो, मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणा. वर चीज किंवा मटणाचा रस्सा. शाकाहारी असाल तर भाज्यांचं सूप आणि चीजवाली पोलेंता मागायची. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

सामान वर येतं ते मालवाहू रोपवेनं किंवा हेलिकॉप्टरनं, म्हणून पाण्याची बाटली खालच्यापेक्षा महाग असते. आपला कचरा आपण खाली न्यायचा. आणि तिथे एक वही असते. तिच्यात नाव आणि उद्या कुठल्या वाटेनं जाणार ते लिहायचं. हा औपचारिकपणा नाही. माणूस परतला नाही, तर शोध त्या ओळीपासून सुरू होतो.

इथेच ते "लेइ" प्रकरण संपतं. डोंगरात उंचावर गेलं की सगळे एकमेकांना "तू" म्हणतात, असा रिवाज आहे. ऑफिसात ज्यांना आठवडाभर "इंजेन्येरे" म्हटलं, ते पुढच्या वळणावर भेटले तरी "चाओ" म्हणून पुढे जातात. सोमवारी ऑफिसात पुन्हा "लेइ".

बूट, ब्रेक आणि धरण

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९३५ मध्ये आल्प्समध्ये पुंता राझिका शिखरावर मिलानच्या गिर्यारोहकांचा एक गट वादळात अडकला आणि सहा जण गेले. त्या काळी चढाईला वेगळे हलके बूट घालत, ते थंडीत आणि बर्फात निकामी ठरत. त्या मोहिमेत व्हिताले ब्रामानी होते. त्यांनी ठरवलं की दगड, चिखल आणि बर्फ, सगळीकडे चालेल असा एकच तळवा करायचा. पिरेल्ली टायर कंपनीच्या मदतीनं खोल खाचांचा रबरी तळवा तयार झाला आणि १९३७ पासून बाजारात आला. नाव व्हिब्राम, व्हिताले आणि ब्रामानी यांचं जोडनाव. चांगल्या ट्रेकिंग बुटाच्या तळाशी पिवळ्या अष्टकोनात हे नाव आजही असतं. रविवारचा अपघात, सोमवारपासून त्यावर काम.

उलटी उदाहरणंही आहेत. माज्जोरे तलावाच्या काठावरच्या स्त्रेसाहून मोत्तारोने डोंगरावर केबलकार जात असे. २३ मे २०२१, रविवार. वरच्या स्टेशनजवळ पोचलेल्या केबिनची ओढणारी केबल तुटली. अशा वेळी आपत्कालीन ब्रेकनं केबिन जागच्या जागी धरायची असते. पण ब्रेकमध्ये बिघाड होता, तो सारखा लागून गाडी थांबत होती, म्हणून त्याला अडकवून ठेवणारा लोखंडी चिमटा मुद्दाम तसाच ठेवला होता. केबिन मागे सुसाट गेली आणि कोसळली. आतल्या १५ जणांपैकी १४ गेले, एक पाच वर्षांचा मुलगा वाचला. सहलीला आलेली माणसं होती. डोंगरानं त्यांना मारलं नाही. आदल्या दिवसांत कुणीतरी "चालतंय, चालू दे" म्हटलं, त्यानं मारलं.

आणि वायोंत. बेल्लुनोजवळ १९६० मध्ये बांधून झालेलं २६१ मीटर उंचीचं कमानी धरण, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. जलाशयाशेजारच्या तोक डोंगराची बाजू जुन्या भूस्खलनाची आहे हे एदोआर्दो सेमेन्झा या तरुण भूवैज्ञानिकानं आधीच ओळखलं होतं, आणि धरणाचे डिझायनर कार्लो सेमेन्झा हे त्याचेच वडील. तीना मेर्लिन या पत्रकार बाईंनी गावकऱ्यांची भीती लिहिली, तर त्यांच्यावरच खटला झाला. त्यात त्या निर्दोष सुटल्या. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर पाण्यात घसरला. लाट धरणावरून पलीकडे गेली आणि लोंगारोने गाव धुऊन निघालं. १,९०० हून जास्त माणसं गेली. धरण मात्र आजही जवळपास तसंच उभं आहे. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरिअलमध्ये शिकतो त्या अर्थानं डिझाइन पास झालं. डोंगर मात्र कुणी धरलाच नव्हता. आज तिथे लोक विकेंडला जातात, पण ती सहल गुपचूप होते.

तिसरी गोष्ट ताजी आहे. ३ जुलै २०२२, पुन्हा रविवार. डोलोमाइटमधलं सर्वांत उंच शिखर मार्मोलादा, ३,३४३ मीटर. आदल्या दिवशी वर १० अंश तापमान होतं. हिमनदीचा मोठा तुकडा सुटला आणि खालच्या वाटेवरचे ११ जण गेले. वाट नेहमीची होती, पण हवामान नेहमीचं राहिलेलं नाही. "गेल्या वर्षी आम्ही इथूनच गेलो होतो" हे कारण आता पुरत नाही. निघण्याआधी हवामान आणि हिमस्खलनाचं पत्रक वाचायचं, हिमनदीवर जायचं तर प्रशिक्षित गाइडबरोबरच.

सगळ्यांना रविवार नसतो

एक गोष्ट सांगायची राहिली. याच पो मैदानात क्रेमोना, मांतोवा भागात चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंचे मोठे गोठे आहेत आणि तिथे पंजाबातून आलेली कितीतरी माणसं राबतात. गाईला रविवार कळत नाही, धार रोजच काढावी लागते. रिफूजोतला स्वयंपाकी, शनिवारच्या गाडीचा ड्रायव्हर, हेलिकॉप्टरमधला डॉक्टर यांचाही रविवार कामाचाच असतो. कायद्यानं त्यांनाही आठवड्याची सुट्टी आहे, फक्त ती वेगळ्या दिवशी. आपण पोलेंता खातो तेव्हा समोरचा माणूस ड्युटीवर आहे, एवढं लक्षात ठेवून "ग्रात्सिए" म्हणावं.

तर मित्रांनो, यातलं घ्यायचं काय? इकडे शिकायला किंवा नोकरीला येणार असाल तर थोडी इटालियन शिकून या, चांगले बूट घ्या, काईचे सभासद व्हा आणि रजा साठवू नका. येणार नसाल तरी हरकत नाही, आपल्या मागे सह्याद्री आहे. पुढच्या ट्रेकला निघताना वेळेचं ते गणित एकदा वहीत करून बघा आणि जाणार त्या वाटेचं नाव होस्टेलच्या रजिस्टरमध्ये लिहून जा. रेक्टर सर ओरडतील म्हणून नाही, तर शोधायची वेळ आली तर वाट माहीत असावी म्हणून. आणि नोकरीला लागाल तेव्हा कुठल्याही ब्रेकवर, कुठल्याही ड्रॉइंगवर सही करताना एवढंच आठवा, की शुक्रवारी संध्याकाळी घाईत केलेली ती सही रविवारी कुणाला तरी वर घेऊन जाणार आहे, आणि त्याला खाली सुखरूप आणायचंही आहे.